बंगळुरूच्या सेंट मेरी बेसिलिकाची यात्रा : शेजार, सेवा आणि संशय

बंगळुरूच्या शिवाजीनगर भागातील सेंट मेरी बेसिलिकाच्या आवारात दरवर्षी २९ ऑगस्ट रोजी ध्वज चढवला जातो आणि नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, म्हणजेच नोव्हेनाला, प्रारंभ होतो. ८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन. त्या दिवशी साडी नेसवलेली मरियेची मूर्ती रथातून मिरवली जाते. भगवी वस्त्रे परिधान केलेले भाविक नवस फेडण्यासाठी दूरवरून येतात. त्यांत ख्रिस्ती असतात, हिंदू असतात आणि मुस्लिमही असतात. मुंबईकर वाचकाला या वर्णनावरून वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा आठवेल. फरक असलाच तर परिसराचा आहे. वांद्र्याचे चर्च टेकडीवर आहे. शिवाजीनगरचे चर्च रसेल मार्केटच्या समोर, मशिदी, मंदिरे, बस स्थानक आणि मासळीबाजार यांच्या गराड्यात उभे आहे.

या चर्चचे नाव २०२५ च्या सप्टेंबरमध्ये महाराष्ट्रातही चर्चेत आले होते. यात्रेच्या कार्यक्रमात कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी शिवाजीनगर येथील मेट्रो स्थानकाला सेंट मेरी यांचे नाव देण्याची शिफारस केंद्राकडे करण्याचे आश्वासन दिले. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हा छत्रपती शिवाजी महाराजांचा अवमान असल्याचे सांगत त्यास विरोध दर्शवला. काही दिवस दोन्ही राज्यांत निवेदनांची देवाणघेवाण झाली. स्थानकाला कोणते नाव असावे, हा प्रश्न महत्त्वाचा असेलही. मात्र अन्य धर्मांचे इतके लोक या चर्चमध्ये का येतात आणि चर्चने शहरासाठी नेमके काय केले, याविषयी त्या वादात फारसे काही ऐकू आले नाही.

देवीची लस आणि 'दोड्ड स्वामी'

तामिळनाडूतील जिंजी परिसरातून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी येथे गवताने शाकारलेले एक लहान प्रार्थनागृह उभारले, असे चर्चचा परंपरागत इतिहास सांगतो. 'काणिक्कै माता' हे त्याचे नाव. काणिक्कै म्हणजे देवाला वाहिलेली भेट. कन्नडमध्येही 'काणिके' हा शब्द आहे. श्रीरंगपट्टणच्या १७९९ मधील पाडावानंतर फ्रेंच धर्मगुरू आबे जाँ आंत्वान दुबुआ म्हैसूर राज्यात आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी त्यांनी या प्रार्थनागृहाला आकार दिला.

दुबुआ हे विलक्षण गृहस्थ होते. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९२ मध्ये ते मायदेशातून निघाले. येथे त्यांनी स्थानिक पोषाख स्वीकारला, मांसाहार टाळला आणि लोकांत राहून लोकभाषा आत्मसात केल्या. कन्नड लोक त्यांना 'दोड्ड स्वामी' म्हणत. हिंदू चालीरीतींवरील त्यांचे हस्तलिखित ईस्ट इंडिया कंपनीने १८०७ मध्ये दोन हजार होन मोजून विकत घेतले होते. त्यातील बराच भाग आधीच्या एका फ्रेंच धर्मगुरूच्या लेखनावर आधारलेला होता, असे पुढे संशोधकांनी दाखवून दिले, ही गोष्ट वेगळी.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे आहे. देवीच्या रोगावरील लस एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये शोधली आणि ती १८०२ मध्ये भारतात पोहोचली. लोकांचा तिच्यावर विश्वास नव्हता. गाईच्या आजारातून काढलेले द्रव्य टोचून घेणे अनेकांना अधर्म वाटे. अशा काळात, १८०३-०४ मध्ये, दुबुआ यांच्या प्रयत्नांतून म्हैसूर राज्यात २५,४३२ जणांना लस टोचण्यात आल्याची अधिकृत नोंद आहे. मोठ्या संख्येने धर्मांतरे घडवून आणण्यात मात्र त्यांना यश आले नाही. १८२३ मध्ये भारत सोडल्यानंतर प्रसिद्ध झालेल्या पत्रांत त्यांनी हिंदूंचे धर्मांतर जवळजवळ अशक्य असल्याचे स्पष्टपणे मांडले आणि त्यामुळे स्वधर्मीयांचा रोषही ओढवून घेतला. धर्मप्रसारासाठी आलेल्या माणसाचे चिरकाल टिकलेले काम लसीकरणाचे ठरावे, ही विसंगती पुढील दोनशे वर्षांच्या वादाकडे पाहताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

शेजार नेहमी गोडीगुलाबीचा होता असे मात्र नाही. १८३२ च्या दंगलीत या चर्चची नासधूस झाली आणि त्याच्या रक्षणासाठी सैनिक ठेवावे लागले. आजची गॉथिक शैलीतील वास्तू फादर क्लायनर यांच्या कारकिर्दीत बांधण्यात आली आणि ८ सप्टेंबर १८८२ रोजी तिचे पवित्रीकरण झाले. तिचा मनोरा सुमारे १६० फूट उंच आहे. पोप सहावे पॉल यांनी १९७३ मध्ये या चर्चला 'मायनर बेसिलिका' हा दर्जा दिला. कर्नाटकात हा मान मिळवणारे ते पहिले चर्च होय.

साथीच्या काळातील देवता

या स्थानाची कीर्ती चर्चच्या सभासदांबाहेर पसरली, तिचा संबंध १८९८ च्या प्लेगशी जोडला जातो. मुंबईत १८९६ मध्ये आणि पुण्यात १८९७ मध्ये हाहाकार उडवणारी ही साथ १८९८ च्या ऑगस्टमध्ये बंगळुरूत पोहोचली. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा अंत झाला, हे मराठी वाचकांना परिचित आहेच. बंगळुरूमध्ये लोक घरेदारे सोडून पळाले. पुढे बसवनगुडी आणि मल्लेश्वरम ही वसाहतींची नवी रचना त्याच अनुभवातून वाढीस लागली. शहरात 'प्लेग अम्मा'ची मंदिरे उभी राहिली. शिवाजीनगरात लोक मरियेला शरण गेले. एका बाजूला अम्मा, दुसऱ्या बाजूला माता. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने दोन्ही उंबरठे झिजवले असतील, तर त्यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

येथे भाषांतराच्या व्यवसायातील एक अडचण नमूद करावीशी वाटते. 'इंटरफेथ' या शब्दासाठी आपण 'आंतरधर्मीय' किंवा 'सर्वधर्मीय' असे शब्द योजतो आणि डोळ्यांसमोर व्यासपीठ, समई व निरनिराळ्या वेषांतील वक्ते येतात. शिवाजीनगरच्या रांगेत मेणबत्ती घेऊन उभी असलेली हिंदू गृहिणी यांपैकी कोणताच शब्द वापरणार नाही. ती नवसाला आली आहे. तिने धर्म बदललेला नाही आणि तसे तिला कोणी विचारलेलेही नाही. याच शहरातील विवेकनगरच्या बाळ येशूच्या चर्चमध्ये दर गुरुवारी अशीच गर्दी लोटते. गुरुवार हा दत्ताचा आणि साईबाबांचा वार मानणाऱ्या मराठी माणसाला तेथे फार परके वाटू नये.

अशा भक्तीला चर्चच्या शिकवणुकीत स्थान कोणते, या प्रश्नावर विचारमंथन झाले तेही बरेचसे बंगळुरूतच. प्रोटेस्टंट विचारवंत पी. डी. देवानंदन यांनी १९५७ मध्ये येथे धर्म आणि समाज यांच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली, त्यांच्यानंतर एम. एम. थॉमस यांनी ती नावारूपाला आणली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये अन्य धर्मांतील सत्य व पावित्र्य यांचा आदर करण्याची भूमिका घोषित केल्यावर फादर अमलोरपवदास यांनी १९६७ मध्ये बंगळुरूत कॅथलिकांचे राष्ट्रीय केंद्र सुरू केले. भुईवर बसून उपासना, पंचारती, समई, फुले यांना १९६९ मध्ये रोमची संमती मिळाली. त्यावर दोन्हीकडून टीका झाली. काही कॅथलिकांना हे हिंदूकरण वाटले, तर काही हिंदूंना वेषांतर. मूळचे कार्कळचे स्टॅन्ले समर्थ यांनी जागतिक चर्च परिषदेच्या संवाद विभागाचे १९७१ पासून दहा वर्षे नेतृत्व केले. संवाद हे धर्मांतराचे साधन होऊ नये, यावर त्यांचा कटाक्ष होता.

रुग्णालये आणि कायदा

सेवेचा दुसरा प्रवाह रुग्णालयांचा. गुड शेफर्ड संस्थेच्या भगिनींनी १८८६ मध्ये सेंट मार्था रुग्णालय सुरू केले. कॅथलिक बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेचे सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये स्थापन झाले. आज देशातील नामांकित वैद्यकीय संस्थांत त्याची गणना होते. हेब्बाळ येथे १९७३ पासून बाप्टिस्ट रुग्णालय कार्यरत आहे. मागडी रस्त्यावरील सुमनहळ्ळीची कथा अधिक बोलकी आहे. कुष्ठरोग्यांच्या पुनर्वसनासाठी एकोणीसशे सत्तरच्या दशकात खुद्द राज्य शासनाने आर्चबिशपांना पाचारण केले होते. ज्यांना कोणी शेजारी मानत नव्हते, त्यांच्यासाठी चर्चला बोलावणे आले. बाबा आमटे यांचे आनंदवन ज्या समाजाने पाहिले आहे, त्याला या कामाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

ख्रिस्ती लोकांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकात दोन टक्क्यांहूनही कमी आहे. तेव्हा या रुग्णालयांतील खाटांवर बहुसंख्येने अन्य धर्मीयच असणार, हे उघड आहे. नेमका येथेच संशयाचा मुद्दा उपस्थित होतो. सेवा ही धर्मांतराची पहिली पायरी आहे, असा आक्षेप अनेक संघटना घेतात. सप्टेंबर २००८ मध्ये मंगळूर व राज्याच्या अन्य भागांत चर्चवर हल्ले झाले, तेव्हाही धर्मांतराचेच कारण पुढे करण्यात आले होते.

कर्नाटकात २०२२ मध्ये लागू झालेल्या धर्मांतरविरोधी कायद्याने हा आक्षेप कायद्याच्या भाषेत आणला. बळजबरी व फसवणूक यांबरोबरच 'प्रलोभन' हेही त्यात दंडनीय ठरवण्यात आले आणि प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तू, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळेतील मोफत शिक्षण यांचा समावेश झाला. शिक्षा तीन ते पाच वर्षांची. स्त्रिया, अल्पवयीन तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींबाबत दहा वर्षांपर्यंत. फसवून होणाऱ्या धर्मांतराला आळा घालणे हाच हेतू असल्याचे समर्थकांचे म्हणणे होते. बंगळुरूचे आर्चबिशप पीटर मचाडो यांनी कायद्याला उघड विरोध केला. पुढे सत्तांतर झाल्यावर जून २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला.

कायद्याचा हेतू मान्य केला तरी एक प्रश्न उरतो. गरीब मुलाची शाळेची फी माफ करणे हे दान केव्हा आणि प्रलोभन केव्हा? मठातील अन्नदान, गुरुद्वाऱ्यातील लंगर आणि रमजानमधील जकात यांना आपण हा प्रश्न सहसा विचारत नाही. चर्चला विचारला जातो, यामागे वसाहतकाळाची स्मृती आहे आणि ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. पण शंका सिद्ध होण्याआधीच देणाऱ्याचा हात आखडतो, हा त्याचा व्यवहारातील परिणाम होय. विदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला विदेशी निधी वळता करण्यास मनाई केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. मोठ्या संस्थेमार्फत निधी मिळणाऱ्या लहान संस्थांना ही वाट बंद झाली. अशा वेळी स्थानिक दानाचे महत्त्व वाढते आणि दानपेटीत पैसे टाकणारा केवळ ख्रिस्ती नसतो.

गमतीची गोष्ट अशी की बंगळुरूच्या कॅथलिकांत सर्वांत चिवट वाद अन्य धर्मीयांशी नसून आपापसांतील भाषेचा आहे. छावणी भागातील चर्चवर तमिळ भाषकांचा प्रभाव राहिला. कन्नड भाषकांनी उपासनेत आणि पदांत आपल्याला योग्य स्थान मिळत नसल्याची तक्रार अनेक दशके लावून धरली. शिवाजीनगरच्या बेसिलिकात तमिळ, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत मिस्सा होतात. बेळगावच्या वादाशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला ही तडजोड किती अवघड असते, याची कल्पना असेल.

कोरोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये ८ सप्टेंबरची यात्रा नेहमीच्या गर्दीविना पार पडली. साथीच्या काळात कीर्ती पावलेल्या स्थानाचे दरवाजे साथीमुळेच अडले होते. पुढील वर्षी एप्रिल-मे महिन्यांत शहरातील स्मशानभूमींत जागा अपुरी पडू लागली आणि नातलगही मृतदेहाजवळ जाण्यास धजेनात. तेव्हा ख्रिस्ती, मुस्लिम आणि हिंदू स्वयंसेवक एकत्र येऊन अंत्यविधी पार पाडत होते. दफन करायचे की दहन, हे मृताच्या धर्मानुसार ठरे. अंगावरील संरक्षक पोषाखामुळे खांदा देणारा कोणत्या धर्माचा आहे, ते मात्र ओळखता येत नसे.