शतांश मिलिमीटरचं काम

मारुती 800 चं इंजिन घरी बांधता येतं, कारण ते लहान आहे आणि त्यात लपवाछपवी नाही. तीन सिलिंडर, 796 सीसी, बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, सहा व्हॉल्व्ह, वर एक कॅमशाफ्ट. कार्बोरेटरवाल्या जुन्या गाडीत संगणक नाही की सेन्सरांचं जाळं नाही. तिकाटण्याला चेन पुली लावून आम्ही ते बाहेर काढलं, आणि हेड, गिअरबॉक्स उतरवल्यावर नुसता ब्लॉक मी आणि माझा भाचा, दोघांनी उचलून टेबलावर ठेवला. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिल्या गाडीची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली, तेव्हापासून जानेवारी 2014 पर्यंत ही गाडी बनत होती. ओम्नीलाही हेच इंजिन असल्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, गॅसकेट यांची आजही ददात नाही. आमची गाडी 1997 ची, वडिलांनी घेतलेली.

सायलेन्सरमधून निळा धूर येत होता. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, इतकं कोणीही सांगेल. पण ते पिस्टनच्या रिंगांकडून वर चढतंय की व्हॉल्व्हच्या सीलमधून खाली उतरतंय, हे धुराच्या रंगावरून कळत नाही. एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडायच्या आधीच “भंगारात घाला” असा सल्ला मिळाला. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. न मोजता काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

म्हणून आधी कॉम्प्रेशन गेज आणलं. तिन्ही प्लग काढायचे, एका भोकात गेज बसवायचं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये काटा 150 पीएसआयच्या वर गेला. मधला 105 वर अडकला. मग त्या मधल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं, तर काटा 140 ला पोचला. ऑइलनं रिंग आणि भिंत यांच्यातली फट तात्पुरती बुजवली, त्यामुळे दाब वाढला. गळती व्हॉल्व्हमधून असती तर ऑइल घालून काही फरक पडला नसता. दोष रिंगा आणि बोअरचा आहे हे इंजिन खोलण्याआधीच कळलं.

खोलताना एक नियम काटेकोर पाळायचा: जो भाग जिथून निघाला, तो तिथेच परत गेला पाहिजे. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप ही जोडी एकत्र मशीन केलेली असते. एका रॉडची कॅप दुसऱ्या रॉडला लावली तर भोक पूर्ण गोल राहत नाही आणि बेअरिंग लवकर जातं. व्हॉल्व्हचंही तसंच. प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या सीटवर घासून बसलेला असतो. आम्ही जाड पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात सहाही व्हॉल्व्ह क्रमानं खोचले आणि वर पेनानं नंबर घातले.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते बोअरच्या झिजेनं. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. सगळ्यात जास्त झीज वर, जिथे पहिली रिंग येऊन उलटी फिरते तिथे होते. त्या बिंदूला पिस्टनचा वेग क्षणभर शून्य होतो, त्यामुळे ऑइलचा पापुद्रा टिकत नाही. नेमका त्याच वेळी वर स्फोट झालेला असतो. तो वायू रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो आणि उष्णताही तिथेच सर्वांत जास्त असते. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असल्यामुळे पिस्टन एका बाजूला जास्त रेटला जातो, म्हणून बोअर अंडाकृतीही होतो. वरच्या टोकाला नख फिरवलं की एक काठ लागतो. रिंग जिथवर पोचतच नाही तिथलं ते न झिजलेलं लोखंड.

या बोअरचा मूळ व्यास 68.50 मिलिमीटर. डायल गेजनं मधल्या सिलिंडरमध्ये वर 68.62 आणि खाली 68.53 भरलं. जास्तीत जास्त फरक साधारण एका कागदाच्या जाडीएवढा. तेवढ्यानं गाडी धूर सोडते. नुसत्या नव्या रिंगा टाकून भागवणारे भेटतात, पण निमुळत्या, अंडाकार भोकात गोल रिंग बसणार कशी? तीन-चार महिन्यांत धूर परत येतो. माझ्या मते ते पैसे पाण्यात घालणं आहे.

बोअरिंग-होनिंग मात्र घरचं काम नव्हे. त्यासाठी उद्यमनगर गाठलं. कोल्हापुरात हे हुन्नर पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, ऑइल इंजिनं इथे घराघरांतल्या कारखान्यांत बनली. मेस्त्रींनी ब्लॉककडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, “बाई, आदी पिस्टन घिऊन या. पिस्टन बघून बोअर मारतो. नुसता ब्लॉक ठिवून उपयोग न्हाई.” त्यांचं म्हणणं अगदी बरोबर. एकाच मापाच्या पिस्टनांतही बारीक फरक असतो, आणि पिस्टन व भिंतीतली जागा शतांश मिलिमीटरमध्ये राखायची असते. पाव मिलिमीटर मोठे, म्हणजे मेस्त्रींच्या भाषेत दहा थाऊचे पिस्टन आणले. त्यांनी प्रत्येकाचं माप घेऊन त्या-त्या सिलिंडरला नंबर घातला. होनिंगनंतर भिंतींवर तिरक्या रेघांची जाळी दिसते. ऑइल त्या रेघांत धरून राहतं. बोअर 68.75 झाला की हिशेबानं इंजिन जवळजवळ 802 सीसीचं होतं. ब्लॉक तोच, इंजिन नंबर तोच, त्यामुळे आरसी पुस्तकात काही बदलावं लागलं नाही.

ब्लॉक घरी आल्यावर तो साबणाच्या गरम पाण्यानं धुवायचा. हे सांगितलं की लोक दचकतात. पण होनिंगच्या दगडाची पूड रॉकेलनं निघत नाही, साबणानंच निघते, आणि ती राहिली तर नव्या रिंगा कानशीसारख्या खाऊन टाकते. पांढरं फडकं भिंतीवर फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत आम्ही धुतलं, आणि पुसल्या-पुसल्या ऑइलचा हात फिरवला, नाहीतर बिडाला तासाभरात गंज चढतो.

नवी रिंग आधी एकटीच बोअरमध्ये सारून फीलर गेजनं तिच्या दोन टोकांतली फट मोजायची. फट कमी असली तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. पिस्टनवर चढवताना तिन्ही रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण पुलीच्या बाजूला ठेवायचा. क्रँक चांगली निघाली, पॉलिशवर भागलं. व्हॉल्व्ह पेस्टनं घासून पोर्टमध्ये रॉकेल ओतलं, थेंबही झिरपला नाही. हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानं मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं आवळले. टायमिंग बेल्ट नवा घातला, आणि खुणा जुळल्यावर क्रँक हातानं दोन फेरे फिरवून पुन्हा पाहिल्या. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो.

पहिल्यांदा सुरू करताना प्लग काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारला, मग प्लग लावले. नवं इंजिन आयडलिंगवर ताटकळत ठेवू नये. रिंगा भिंतीला बसतात त्या वायूच्या दाबानं, आणि दाब येतो तो गाडीवर भार असताना. आम्ही ती जोतिबाच्या चढावर नेली, मध्यम रेसवर, कधी दाबत, कधी सोडत. 500 किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलला. त्या ऑइलमध्ये बारीक चकाकी होती, ती पहिल्या घासणीची. 1,000 किलोमीटरला पुन्हा गेज लावलं: तिन्ही सिलिंडर 165 ते 170 च्या दरम्यान. मग टॅपेट सेट केले आणि गाडी पीयूसीला नेली.