शनिवारी पोळ्या बंद

पहाटे ५.००
गजर वाजतो. काकू आधी उशाजवळची बाटली चाचपतात. डोळ्यांत थेंब पडल्याशिवाय पापण्या सुटत नाहीत. काकूंचा संधिवात असा, की अश्रूही आटतात आणि लाळही. बोटं मोकळी व्हायला आणखी तासभर. तोवर गरम पाण्यात हात बुडवून बसायचं.

६.३०
कणीक मशीन मळतं. लाटण्याच्या मुठींना फोम गुंडाळलाय. आज ऐंशी पोळ्या, साठ सेंटला एक. काकूंचा हात भराभर चालतो, फक्त कोपर ओट्याला टेकू देत नाहीत. तिथे कातडीखाली कडक गाठ आहे. तीही याच दुखण्याची. रोगप्रतिकारशक्ती अंगावरच उलटली की सांध्यांपाशी थांबत नाही.

९.१५
अठ्ठेचाळीस डॉलर झाले. पीठ, तेल, फॉइल त्यातूनच. संधिवाताच्या डॉक्टरांकडची एक फेरी म्हणजे पन्नास डॉलर कोपे, विमा असूनही खिशातून.

११.००
काकू आणि मी डबे घेऊन निघतो. एप्रिलचा पाइनचा पिवळा पराग गाडीच्या काचेवर साचलाय. कोरड्या डोळ्यांना तो फार झोंबतो. मॉरिसव्हिलच्या एका अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर डबा द्यायचा, लिफ्ट नाही. दुसऱ्या वळणावर काकू कठडा धरून थांबतात. फुप्फुसांत व्रण धरलेत का, हे पाहायला छातीचा सीटी स्कॅन सांगितलाय. हृदयाचा धोकाही वाढतो, म्हणून कोलेस्टेरॉलवर लक्ष.

१.३०
जेवण आणि आडवं होणं. ही झोप नव्हे. हातपाय उचलत नाहीत. हिमोग्लोबिन कमी. वर्षभर खजूर, बीट, पालक खाऊन पाहिलं. पण अंगात सूज धुमसत असली की शरीर लोह कुलपात ठेवतं, रक्तापर्यंत पोचू देत नाही. कमतरता खाण्यात नव्हतीच. हे कळेपर्यंत घरच्यांनी "नीट जेवत नाहीस" म्हणून बोलून घेतलं.

"बोटं वाकडी झाली की लोक हळहळतात गं. दमणूक दिसत नाही ना. मग आळशी ठरतो आपण."

५.००
दोन किलो कांदा चिरायचाय. चिरण्याचं यंत्र मुलानं आणून दिलं. पण ते धुताना बोटं दुखतात, म्हणून सुरीच.

रात्री ९.००
शुक्रवार, मेथोट्रेक्सेटचा दिवस. संधिवातावरची ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून कॅलेंडरवर लाल फुली. यकृतासाठी ठरावीक अंतरानं रक्त तपासायचं. उद्या मळमळ ठरलेली.

गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर मेसेज जातो : शनिवारी पोळ्या बंद.
लगेच उत्तर : रविवारी वीस पुरणपोळ्या जमतील का, काकू?
काकू चष्मा पुसतात. "दुपारी चारनंतर. दोन डॉलरला एक."