गाडी सेकंड हँड, खर्च फर्स्ट हँड

‘नव्या एसयूव्हीच्या पैशात जुनी मर्सिडीज येतेय, मग एसयूव्ही कशाला?’ हा प्रश्न हल्ली पुण्या-मुंबईतच नव्हे, तर नाशिक-कोल्हापुरातही ऐकू येतो. भाव खरा असतो. सहा-सात वर्षांची सी-क्लास किंवा थ्री सिरीज मूळ किमतीच्या खूप खाली उतरलेली असते. फसगत होते ती त्यापुढे. किंमत गाडीची उतरते, पार्टची नाही. साठ लाखांची गाडी वीस लाखांना घेतली, तरी तिचा हेडलाइट, एअर सस्पेन्शन आणि लेबर साठ लाखांच्या गाडीच्याच हिशेबाने लागतात. म्हणून सौदा ठरवण्याआधी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या लिफ्टवर चढवावी आणि लेखी एस्टिमेट घ्यावं. त्यासाठीचे चार-पाच हजार वाचवणारा माणूस पुढे लाखात भरतो, हे पाहून वाईट वाटतं.

‘सर्टिफाइड आहे, म्हणजे काळजी नको’ हा दुसरा भरवसा. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि ऑडी या कंपन्यांच्या जुन्या गाड्यांच्या स्वतःच्या योजना आहेत. तिथे तपासणी कंपनीची आणि वॉरंटीही कंपनीची. रस्त्याकडेच्या मल्टिब्रँड शोरूमच्या पाटीवरचं ‘सर्टिफाइड’ बहुधा त्या शोरूमपुरतंच असतं. कंपनीच्या वॉरंटीतही ब्रेक पॅड, टायर, बॅटरी असे झिजणारे भाग सहसा धरलेले नसतात. पुस्तिकेतलं ‘काय धरलेलं नाही’ हे पान आधी वाचा. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. ते दाखवा म्हणायला संकोच कसला?

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज रनिंगचा. ‘डॉक्टरांची गाडी, फक्त पंचवीस हजार चाललीय’ म्हटलं की गिऱ्हाईक विरघळतं. बीएस-6 डिझेल गाडीच्या बाबतीत मात्र मी इथेच सावध होईन. या गाडीच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो आणि त्यासाठी काही वेळ हायवेवर एका लयीत गाडी चालावी लागते. कोथरूड ते डेक्कन एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हे जाळणं दर वेळी अर्ध्यावर राहतं. काजळी साठत जाते, जाळण्यासाठी जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि त्याचा फटका टर्बोला, बेअरिंगला बसतो. एक्स्प्रेसवेवर ऐंशी हजार किलोमीटर धावलेली, प्रत्येक सर्व्हिसची नोंद असलेली गाडी मी त्या डॉक्टरांच्या गाडीआधी निवडेन.

आकडा खरा आहे का, हे टायर सांगतात. टायरच्या बाजूवर डॉट या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. गाडी 2018 ची, मीटरवर वीस हजार आणि चारही टायर 2021 चे असतील, तर पहिले टायर कुठे झिजले हे विचारावं. मग चासी नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली हिस्ट्री काढावी. मीटर मागे फिरवता येतो, पण कंपनीच्या सिस्टिममधली जुनी नोंद तिथेच राहते.

सीटबेल्टही शेवटपर्यंत ओढून पाहावा. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचं लेदर चकचकीत करता येतं, पण बेल्टच्या आतल्या टोकाची मातकट रेघ अनेकदा तशीच राहते.

‘गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम आहे’ हे वाक्यही सोडून द्यावं. बीएमडब्ल्यूसह अनेक गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतःच 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरदरम्यान किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलायला सांगते.

जीएसटीची धास्ती मात्र विनाकारण आहे. 18 टक्के कर लागतो तो डीलरच्या नफ्यावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नव्हे. मालकाने थेट तुम्हाला विकलेल्या खासगी गाडीवर तोही नाही. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, ती मात्र एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नव्या नंबरचा खर्च मिळवून पुन्हा मोजावी.

शेवटी कागद. ‘आरसी सावकाश होईल नावावर’ असं म्हणणाऱ्या विक्रेत्याने स्वतःचाच विचार करावा. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे. घेणाऱ्याने 14 दिवसांत विमा कंपनीकडे पॉलिसी नावावर करण्याचा अर्ज द्यावा. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आपोआप येत नाही. नो क्लेम बोनस तर जुन्या मालकाचाच असतो, त्यामुळे प्रीमियमचा फरक तुम्हाला भरावा लागतो. तो आकडा टोकन देण्याआधीच विमा कंपनीकडून काढून घ्या.