तीन की आठ?

वहीच्या पानावर पेन्सिलीने जोर देऊन एखादा आकडा लिहा आणि ते पान फाडून बाजूला ठेवा. आता खालच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीचे शिसे आडवे धरून हलक्या हाताने फिरवा. फाडलेल्या पानावरचा आकडा खालच्या पानावर पांढरा उमटलेला दिसेल. हा खेळ तुम्ही कधी ना कधी केला असेलच. गेल्या वर्षी नाशिकला हाच खेळ मी पोलादावर झालेला पाहिला. त्याची ही हकीकत आहे.

माझ्या एका स्नेह्यांच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, एक जुनी इंग्रजी मोटार उभी असते. दोघांपुरती जागा, कापडी टप, सायकलीसारखी आऱ्यांची उंच चाके आणि बॉनेट तर एवढे लांब की गाडीची अर्धी लांबी त्यातच जावी. ही एम.जी. कंपनीची टी.सी. नावाची गाडी. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन गावी १९४५ ते १९४९ या काळात अशा सुमारे दहा हजार गाड्या तयार झाल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा परदेशी गेल्या. गंमत म्हणजे अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, तरी तिकडे गेलेल्या टी.सी.चे स्टिअरिंगही उजवीकडेच असे. त्यामुळे स्टिअरिंग पाहून गाडी कोणत्या देशासाठी बांधली होती, हे काही ओळखता येत नाही. आणखी एक मजा पाहा. एंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी चालकासमोर, आणि वेग दाखवणारी तबकडी शेजारच्या माणसासमोर! वेग किती झाला याची काळजी शेजाऱ्याने करावी, असाच कारखान्याचा विचार असावा.

स्नेह्यांच्या वडिलांनी ही गाडी १९५८ साली मुंबईत जुनी म्हणून विकत घेतली. त्याआधी ती कोणाची होती, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. मग एक दिवस इंग्लंडहून एका बाईंचे पत्र आले. त्यांचे आजोबा १९५० च्या सुमारास मुंबईत नोकरीला होते आणि त्यांच्याकडे अशीच एक टी.सी. होती. परत जाताना त्यांनी ती विकली, पण पुढे आयुष्यभर तिची आठवण काढीत राहिले. गाडीच्या जुन्या नोंदवहीची प्रत बाईंनी पत्रासोबत जोडली होती. तिच्यात चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा क्रमांक होता आणि एंजिनाचाही. ‘आपल्याकडची गाडी तीच आहे का?’ एवढाच त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न सोपा वाटतो ना? आर.सी. बुक उघडायचे आणि आकडे जुळवायचे. पण बुकाची घडी नेमकी चासीच्या क्रमांकावर पडलेली आणि कागद तिथेच झिजलेला. शेवटचा आकडा ३ आहे की ८, हे काही केल्या कळेना. बाईंच्या कागदात तो स्वच्छ ३ होता.

आता तुम्ही म्हणाल, चासीवरच पाहा की! टी.सी.चा क्रमांक सांगाड्याच्या पुढच्या टोकाजवळ ठोकलेला असतो. तिथे पाहिले, तर पूर्वी कधीतरी कोणा मिस्त्रीने गंज काढताना ती जागा घासून अगदी गुळगुळीत केलेली. आर.टी.ओ. कचेरीत चासीच्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि त्याचा ठसा घेतात, ते तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. इथे तसा ठसा घेऊन पाहिला. शेवटच्या आकड्याच्या जागी काळ्या डागाखेरीज काहीही आले नाही.

इथे मदतीला आले न्यायसहायक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले एक रसायनतज्ज्ञ. चोरीच्या वाहनांचे घासलेले क्रमांक परत वाचणे, हे अशा प्रयोगशाळांचे नेहमीचे काम आहे. नाशिकलाही अशी प्रयोगशाळा आहे. गाडीवरच्या क्रमांकाशी छेडछाड करणे हा गुन्हा असल्यामुळे आर.टी.ओ. कचेरीला आधी लेखी कळवले आणि मगच त्यांनी हात लावला.

घासून गेलेला आकडा वाचता येतो तरी कसा? पोलाद वरून एकसंध दिसते, पण ते असंख्य बारीक स्फटिककणांचे बनलेले असते. प्रत्येक कणात अणू रांगेने मांडलेले असतात. पोलादी ठशावर हातोडा मारून आकडा उमटवला, की त्या जागी खाच पडते हे झालेच. पण खाचेच्या तळाखालचे कणही दाबले जातात, चेपतात, त्यांतील अणूंच्या रांगा घसरून विस्कटतात. हातोड्याने दिलेल्या ऊर्जेचा थोडासा अंश या विस्कटलेल्या रचनेत साठून राहतो. मिस्त्रीने कानशीने घासले ते खाचेच्या तळापर्यंत. त्याखालचा चेपलेला थर तसाच राहिला. वहीच्या खालच्या पानासारखा!

या थरात जास्तीची ऊर्जा असल्यामुळे तेथील लोखंडाची आम्लाशी क्रिया शेजारच्या लोखंडापेक्षा किंचित वेगळ्या गतीने होते. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि क्युप्रिक क्लोराईड यांचे द्रावण त्यासाठी वापरतात. (हा प्रयोग घरी करायचा नाही, बरे का. या द्रावणाने कातडी भाजते आणि त्याची वाफही घातक असते.) जागा आधी आरशासारखी घासून घेतली आणि द्रावणात बुडवलेला कापसाचा बोळा तिच्यावर फिरवायला सुरुवात झाली. पहिली काही मिनिटे काहीच नाही. मग तिरप्या धरलेल्या विजेरीच्या उजेडात राखाडी रेघा दिसू लागल्या. दिसत, पुसट होत, पुन्हा दिसत. प्रत्येक वेळी छायाचित्र घ्यायचे आणि बोळा पुन्हा फिरवायचा. आधी उजवीकडच्या दोन कमानी आल्या, आणि आम्हा सर्वांना वाटले, ३! बाई खूश होणार! पण रसायनतज्ज्ञ थांबायला तयार नव्हते. आणखी दहा मिनिटांनी डावीकडच्या दोन कमानीही उमटल्या. आकडा ८ होता.

हे नेहमीच साधते असे मात्र नाही. फार खोलवर घासले, तर चेपलेला थरही जातो. आणि ती जागा कधी लालभडक तापवलेली असेल, तर अणू पुन्हा नीट रांगेत बसतात आणि पोलादाची आठवण पुसली जाते. तांब्याची तार सात-आठ वेळा वाकवा, ती ताठर होते. शिक्षकांना ती बर्नरवर लाल होईपर्यंत तापवायला सांगा आणि गार झाल्यावर वाकवा, पुन्हा मऊ झालेली आढळेल. तोच हा नियम.

म्हणजे गाडी आजोबांची नव्हे. स्नेही पत्राचे उत्तर लिहायला बसले, पण मला एंजिनाचा क्रमांक स्वस्थ बसू देईना. टी.सी.च्या एंजिनावर पितळेची अष्टकोनी पट्टी असते. तिच्यावरचा क्रमांक बाईंच्या कागदाशी तंतोतंत जुळत होता!

पण पट्टीचे काय, ती काढून दुसऱ्या एंजिनावरही लावता येते. तेव्हा एंजिन तरी टी.सी.चे आहे का, हे पाहणे आले. मिस्त्रींनी वरचे झाकण उतरवले आणि आमच्या प्रयोगशाळेतला व्हर्निअर कामाला लागला. टी.सी.च्या एंजिनात चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६६.५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरा, १२५० घन सेंटिमीटर येतात की नाही पाहा. आम्हाला धाव बरोबर ९० मिळाली, पण व्यास ६७.५ आला. झिजलेले सिलिंडर गॅरेजमध्ये बोअर करून मोठे करतात, त्याचा हा परिणाम. आता घनफळ किती झाले, हे तुम्हीच काढा.

आणखी एक साक्षीदार होता, तो म्हणजे बोल्ट. इंग्लंडमध्ये १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचवले. त्यात आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो. मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश. इंग्रजी एंजिनात व्हिटवर्थच्या घराण्यातलेच आटे असणार, असे कोणालाही वाटेल. पण मॉरिस कंपनीची एंजिने पूर्वी हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कॉव्हेंट्रीतील कारखान्यात होत, आणि तिथली यंत्रे मेट्रिक होती. १९२३ साली मॉरिसने तो कारखाना विकत घेतला, तरी आटे मेट्रिकच राहिले. बोल्टांची डोकी मात्र इंग्रजी पान्यात बसतील अशी! टी.सी.चे एंजिन याच घराण्यातले. आमचे मिस्त्री तीस वर्षे या बोल्टांना ‘खोटे बोल्ट’ म्हणत आले होते. आटे मोजले, ते अस्सल निघाले.

शेवटचा दुवा अ‍ॅबिंग्डनहून मिळाला. तिथला कारखाना १९८० साली बंद झाला, पण जुनी दप्तरे १९३० साली स्थापन झालेल्या एम.जी. कार क्लबने जपली आहेत. टी.सी.च्या क्रमांकांची सुरुवात १ पासून नव्हे, तर २५१ पासून होते. का? तर कारखान्याच्या टेलिफोनचा क्रमांक २५१ होता, म्हणून! दप्तराप्रमाणे ८ आकड्याच्या चासीवर मुळात वेगळेच एंजिन बसवलेले होते. तेव्हा दोन गाड्यांची मिळून ही एक गाडी झालेली आहे. सुटे भाग परदेशातून आणणे दुरापास्त होते त्या काळी असे सर्रास होई.

मग ही गाडी आजोबांची म्हणायची की नाही? अशाच प्रश्नावर १९९० साली लंडनच्या न्यायालयात खटला झाला होता. ‘ओल्ड नंबर वन’ नावाच्या बेंटले गाडीने १९२९ आणि १९३० साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात आठ लिटरचे एंजिन बसवले. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. त्यानंतर ती पुन्हा नव्याने बांधली गेली. एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरल्यावर घेणारे म्हणाले, हिच्यात जुने काय उरले आहे? न्यायमूर्ती ऑटन यांना मूळचे भाग अगदी थोडेच आढळले. तरीही गाडीचे अस्तित्व कधी खंडित झाले नाही, भाग एकामागून एक बदलत गेले, म्हणून ती ‘ओल्ड नंबर वन’च, असा निकाल त्यांनी दिला. मला तो पटतो. पण आमच्या गाडीला तो लावता येत नाही. इथे दोन अखंड आयुष्ये एकमेकांत मिसळलेली आहेत.

स्नेह्यांनी बाईंना सारे खरेखरे कळवले. उत्तर आले, त्यात एवढीच विनंती होती, की एंजिन सुरू करून त्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवा. आम्ही तो पाठवला.

ही हकीकत वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “सर, मग ३ आकड्याची चासी कुठे गेली?”

तेव्हापासून स्नेही कुठेही जुनी टी.सी. दिसली, की मालकाला विचारून पुढच्या टोकाशी वाकून पाहतात. विजेरी त्यांच्या खिशातच असते.