पिवळा दिवा कोणासाठी?

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, पण गाडी नेहमीसारखीच पळत असते. आपण गोंधळतो, कारण दिवा आपल्या सोयीसाठी आहे असं आपण धरून चालतो. खरं तर तो हवेसाठी आहे. धुरक्याने हैराण झालेल्या कॅलिफोर्नियाने गाडीने स्वतःच स्वतःला तपासावं अशी सक्ती 1988च्या मॉडेलपासून केली. 1996 पासून अमेरिकेभर एकच पद्धत आणि स्टिअरिंगखाली एकच 16 पिनांचा सॉकेट आला. गॅरेजवाला स्कॅनर जोडतो तो तिथेच.

तपासणीची युक्ती साधी, पण लाजवाब. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तर क्रँकशाफ्टला त्या वेळी धक्का मिळत नाही आणि तो किंचित मंदावतो. क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चकतीशेजारचा सेन्सर दात मोजत असतो. कोणत्या क्षणी वेग घसरला यावरून संगणक सिलिंडर ओळखतो. पहिला असेल तर स्कॅनरवर दिसणारा कोड पी 0301. ‘गाडी मिसिंग मारतेय’ हे मेकॅनिक कानाने ओळखतो, ते इथे दात मोजून कळतं.

न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटलं, तर तो भाजून निघतो. म्हणून जोरदार मिसिंग असेल तेव्हा दिवा लुकलुकतो. तेव्हा घर गाठण्याचा हट्ट धरू नये. बाकीच्या बहुतेक तक्रारींसाठी मात्र संगणक घाई करत नाही. एका फेरीत दोष दिसला की नुसती नोंद होते, पुढच्या फेरीतही दिसला तरच दिवा लागतो.

गफलत होते ती कोडच्या अर्थात. पी 0420 म्हणजे ‘कन्व्हर्टर बदला’ नव्हे. कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरची तुलना केली असता काम अपुरं दिसतंय, एवढंच तो सांगतो. कारण सायलेन्सरच्या पाइपातली गळतीही असू शकते. डॉक्टरने ताप मोजला म्हणजे आजार कळला असं होत नाही, तसंच हे. कोड वाचून थेट महागडा भाग बदलणाऱ्यापेक्षा आधी वायर आणि पाइप चाचपणारा मेकॅनिक बरा.

अमेरिकी गाड्यांत पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिलं, तरी हा दिवा लागतो, कारण तिथे टाकीतून वाफ निसटते का हेही तपासलं जातं. झाकण घट्ट लावलं, तरी दिवा लगेच विझत नाही. साधारण तीन फेऱ्या निर्दोष गेल्यावरच संगणकाची खात्री पटते.