हँडल वर घेताना : वरच्या बोल्टचा अर्थ ओळखा

खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची शर्यतीच्या धाटणीची सायकल आता आपल्या गावांतील रस्त्यांवरही दिसू लागली आहे. ती नव्याने घेणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा सारख्याच असतात. मान अवघडते, कंबर भरून येते, तासाभराने करंगळीला मुंग्या येऊ लागतात. याचे एक नेहमीचे कारण म्हणजे बैठकीच्या मानाने हँडल फार खाली असणे. शर्यतीतील स्वार वारा कापण्यासाठी मुद्दाम वाकून बसतो. सकाळी वीस किलोमीटर फिरून कामावर जाणाऱ्या गृहस्थाने तसे वाकण्याचे काही कारण नाही. हँडल जरा वर आले की तळहातांवरील भार कमी होतो. (बैठक पुढच्या बाजूस कललेली नाही ना, हे मात्र आधी पाहावे. कित्येकदा दोष हँडलचा नसून तिचा असतो.)

हे काम पंधरा मिनिटांचे आहे, पण ज्या सांध्याला हात लावायचा तो सायकलीतील सर्वांत नाजूक सांध्यांपैकी एक होय. एप्रिल २००६ मध्ये फ्रान्समधील पॅरिस-रुबे या शर्यतीत अमेरिकन स्वार जॉर्ज हिंकपी यांच्या सायकलीची हँडलखालची नळी ऐन वेगात तुटली आणि ते खांद्यावर आपटले. तेथे हँडलची उंची बदलण्याचा संबंध नव्हता; तरीही हा सांधा निकामी झाल्यास अत्यंत कसलेल्या स्वारालाही सावरायला क्षणाचाही अवधी मिळत नाही, हे त्यातून दिसते.

पुढचे चाक ज्यात बसते त्या चिमट्याची नळी सांगाड्याच्या डोक्यातून वर येते. हँडलला या नळीशी जोडणारा भाग म्हणजे स्टेम. तो जोडण्याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्हींत सर्वांत वर मध्यभागी एक बोल्ट दिसतो. घोटाळा होतो तो इथेच. दिसायला सारख्या असलेल्या या बोल्टचे काम दोन्हीकडे अगदी वेगळे आहे.

जुन्या पद्धतीत स्टेमचा दांडा नळीच्या आत उतरतो. त्याच्या तळाशी तिरपी कापलेली पाचर किंवा शंकू असतो. वरचा लांब बोल्ट आवळला की पाचर वर ओढली जाते आणि दांड्याला नळीत आतून जखडते. आपल्याकडील उंच काळ्या सायकलीत हीच रचना असते. अशा सायकलीचे हँडल वर घ्यायचे असेल तर बोल्ट तीन-चार फेरे सैल करावा, पूर्ण काढू नये. त्याच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा एक नेमका ठोका द्यावा, म्हणजे पाचर सुटते. मग पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल डावीउजवीकडे हलवीत वर काढावे.

मात्र दांड्यावर कोरलेली मर्यादेची खूण नळीबाहेर दिसता कामा नये. ही खूण केवळ उपचार नव्हे. नळीच्या वरच्या भागाला बाहेरून आटे पाडलेले असतात, त्यामुळे तिथला पत्रा पातळ झालेला असतो. दांडा फार वर आला की पाचर नेमकी त्या पातळ भागावर आतून दाब देते. नळी फुगते, चिरते आणि एके दिवशी खड्ड्यात चाक आदळताच तुटते. खूण झिजून दिसेनाशी झाली असेल तर अंदाजाने वर काढण्यापेक्षा कारागिराला दाखवावे. काळ्या सायकलीत आणखी एक व्यवधान असते : तिचे ब्रेक सळईचे असतात आणि हँडल वर घेतले की सळईही ओढली जाते. सळईचे पेच पुन्हा न जुळविल्यास ब्रेक चाकाला घासत राहतो. हँडल खाली घेतल्यास उलट होते, ब्रेक लागतच नाही.

१९९० च्या दशकापासून दुसरी पद्धत रूढ होत गेली आणि आजच्या शर्यतीच्या सायकलींत जवळपास सर्वत्र तीच आढळते. हिच्यात नळीला आटे नसतात. नळी सरळ वर येते आणि स्टेम तिला बाहेरून कवटाळतो. हँडल घट्ट धरण्याचे काम स्टेमच्या मागील वा बगलेतील दोन बोल्ट करतात. वरच्या टोपीतील बोल्ट फक्त डोक्यातील छऱ्यांवर योग्य तेवढा दाब आणतो, हँडलला तो धरीत नाही. जुन्या सायकलीवर हात बसलेली मंडळी हँडल ढिले वाटले की हाच बोल्ट जोराने आवळतात. त्याने छरे दबतात, हँडल जड फिरते आणि बगलेतील बोल्ट मात्र सैलच राहतात. मग वळणावर हँडल वळते, चाक वळत नाही.

या पद्धतीत उंची बदलते ती चकत्यांनी. स्टेमच्या वर चकत्या असतील तर बगलेतील बोल्ट सैल करून टोपी काढावी, स्टेम उचलून एक-दोन चकत्या त्याच्या खाली सरकवाव्यात. एका वेळी ५ किंवा १० मि.मी. पुरे. यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी टोपीचा बोल्ट छऱ्यांतील खेळ जाईल इतकाच आवळावा, मग हँडल चाकाशी काटकोनात आणावे आणि शेवटी बगलेतील बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत. किती आवळायचे तो आकडा बहुधा स्टेमवरच छापलेला असतो, अनेकदा ५ ते ६ न्यूटन मीटर. त्यासाठी आकडा दाखविणारा पाना मिळतो. चिमट्याची नळी कार्बनची असेल तर तो पाना अपरिहार्य समजावा, कारण जास्त आवळल्यास कार्बन आतल्या आत तडकतो आणि वरून काहीच कळत नाही. अशा नळीवर स्टेमखाली किती चकत्या चालतील याचीही निर्मात्याने मर्यादा दिलेली असते.

वर चकत्याच नसतील तर स्टेम उपसून वर घेण्याचा मोह टाळावा. त्याला धरायला वर नळीच उरत नाही. तेथे स्टेम उलटा बसविणे हा उपाय आहे. १०० मि.मी. लांबीचा, ६ अंशांत खाली कललेला स्टेम उलटविला तर हँडल सुमारे २ सें.मी. वर येते. तेवढ्याने भागत नसेल तर अधिक वर झुकणारा स्टेम घ्यावा.

रस्त्यावर जाण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे ढकलावी. डोक्यात टकटक जाणवली तर छऱ्यांत खेळ आहे. चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळावे. ते सरकता कामा नये. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. ब्रेकची वायर ताणली जात असेल तर लांब वायर टाकावी लागेल. काही नव्या सायकलींत वायरी डोक्याच्या आतूनच जातात. त्या घरी उघडू नयेत. आणि वर्षानुवर्षे न हललेला जुना स्टेम गंजाने जागीच धरला असेल तर हातोडीचे घाव वाढविण्याऐवजी गंज सोडविणारे तेल सोडून रात्रभर थांबावे. तरीही तो हलला नाही तर सायकल कारागिराकडे न्यावी.