‘अब्बा, मला शेफ व्हायचंय’

वलीम्याचा दिवस. मंडपात पाहुण्यांच्या गप्पा रंगल्या आहेत. मंडपामागे मात्र बावर्ची देगेच्या झाकणाला कणीक लावून दम देतो आहे. झाकणावर निखारे, खाली मंद आच, डोळ्यांत धूर. थोड्या वेळाने झाकण उघडते, वास मंडपभर पसरतो आणि जो तो म्हणतो, “वाह, काय बिर्याणी आहे!” त्या गडबडीत बावर्ची जेवला की नाही, हे विचारायचे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही.

आता त्याच घरातला बारावी झालेला मुलगा म्हणाला, “अब्बा, मला शेफ व्हायचंय,” तर काय उत्तर मिळेल? “एवढं शिकून बावर्ची होणार? लोक काय म्हणतील? मुलगी कोण देईल?” जो पदार्थ आपण बोटे चाटून खातो, तो बनवणाऱ्याचे काम आपल्याला हलके वाटते. या विचारसरणीकडे एकदा नीट पाहायला हवे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतःच्या हाताच्या कष्टाची कमाई सर्वांत उत्तम ठरवली आहे. आणखी एका हदीसमध्ये तर स्वयंपाक्याचाच विषय आहे. सेवक जेवण घेऊन आला, तर त्याला सोबत बसवावे. ते जमले नाही, तर निदान एक-दोन घास तरी त्याच्या हातावर ठेवावेत. कारण ते अन्न शिजवताना आगीची धग त्याने सोसलेली असते. ज्या दीनने चुलीपुढच्या माणसाच्या घामाची इतकी कदर केली, तो मानणाऱ्यांनी या कामाला कमी लेखावे, हे शोभत नाही.

लखनौचे इम्तियाज कुरेशी यांचेच उदाहरण घ्या. स्वयंपाक्यांच्या घराण्यात जन्म, लहान वयातच चुलीशी गाठ. पुढे दिल्लीतल्या मोठ्या हॉटेलात ‘दम पुख्त’च्या माध्यमातून त्यांनी अवधी दमपाककलेला जगभर नाव मिळवून दिले. २०१६ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा देशभरातल्या शेफनी त्यांना उस्ताद म्हणून आठवले.

पण मुलांनो, त्यांचा पद्मश्री पाहताना त्यामागची वर्षे विसरू नका.

घरचा अंदाज आणि किचनचे माप

अम्मीच्या हाताला अंदाज असतो. मूठभर हे, चिमूटभर ते. तो वारसा मोठा आहे, पण त्याच्या भरवशावर नोकरी टिकत नाही. हॉटेलात आज बनवलेला कोरमा उद्या दुसऱ्याने बनवला, तरी चव तीच लागायला हवी. म्हणून तिथे वजनकाटा आहे, लिहिलेली कृती आहे, थर्मामीटर आहे.

दुसरी गोष्ट स्वच्छता आणि तापमान. ५ ते ६० अंश सेल्सिअस या दरम्यान अन्नात जंतू वेगाने वाढतात. लग्नातली उरलेली बिर्याणी रात्रभर देगेतच ठेवून सकाळी गरम करून वाटण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. शिजलेल्या भातात वाढणारे काही जंतू असे विष तयार करतात की पुन्हा गरम केल्यानेही ते नाहीसे होत नाही. शिकलेला शेफ हे जाणतो. उरलेला भात तो पसरट भांड्यांत काढून लवकर थंड करतो आणि फ्रीजमध्ये ठेवतो.

तिसरी गोष्ट हिशेब. हॉटेलात कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या किमतीच्या साधारण एक तृतीयांशाच्या आसपास ठेवायचा प्रयत्न असतो. ८० रुपयांचा माल लागलेली प्लेट १२० रुपयांना विकली, की ४० रुपये सुटले असे वाटते. पण गॅस, पगार, भाडे, पॅकिंग आणि वाया गेलेला माल यांत ते केव्हाच संपतात. हात उत्तम असूनही अनेक हॉटेले बंद पडतात, ती इथेच.

शिकायचे कुठे?

बारावीनंतर, कोणत्याही शाखेतून, पण इंग्रजी विषय घेऊन उत्तीर्ण झालेल्यांना ‘एनसीएचएम जेईई’ ही प्रवेश परीक्षा देता येते. तिच्यातून देशभरातल्या इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंटमध्ये तीन वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळतो. दादरची मुंबई शाखा १९५४ पासून सुरू आहे. पुण्यात शिवाजीनगरला राज्य सरकारची हॉटेल मॅनेजमेंट संस्था आहे.

पदवीची फी परवडत नसेल, तर दहावीनंतरचा मार्गही आहे. आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा ट्रेड शिकवला जातो. खासगी संस्थेत प्रवेश घेण्यापूर्वी तिला मान्यता कोणाची आहे, आठवड्यात प्रत्यक्ष स्वयंपाकाचे तास किती आणि मागच्या वर्षीची मुले आज कुठे काम करतात, हे जरूर विचारा. नुसत्या चकचकीत माहितीपत्रकावर जाऊ नका. शैक्षणिक कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी.

शिकून बाहेर पडल्यावर लगेच कोणी शेफ होत नाही. सुरुवात ‘कॉमी’ या सर्वांत खालच्या पदापासून होते. पोतेभर कांदे सोलायचे, कोंबड्या साफ करायच्या, शीतगृह पुसायचे. रोज दहा-बारा तास उभे राहायचे. सगळ्यांच्या सुट्टीच्या दिवशी आपली सर्वांत जास्त धावपळ. मग एका विभागाचा शेफ, त्यानंतर सू शेफ आणि बऱ्याच वर्षांनी एक्झिक्युटिव्ह शेफ. आपल्याकडच्या उस्ताद-शागीर्द परंपरेतही हेच होते. शागिर्दाच्या हाती मसाल्याचा डबा कांद्याची पोती रिकामी झाल्यावरच यायचा.

हलाल-हरामचा प्रश्न प्रवेशाआधीच

हा प्रश्न टाळून चालणार नाही. हॉटेल मॅनेजमेंटच्या अभ्यासात मद्याची ओळख आणि ते वाढण्याची पद्धत हा भाग असतो. पाश्चात्त्य पाककृतींत वाइन आणि डुकराचे मांस येते. अनेक मुले हे दुसऱ्या वर्षी लक्षात आल्यावर गोंधळतात. काही शिक्षण सोडतात, काही मन मारून गप्प बसतात. दोन्ही टाळता येते. प्रवेशाआधीच संस्थेला विचारा, की प्रात्यक्षिकात या गोष्टी हाताळण्यातून किंवा चाखण्यातून सूट मिळते का. दाढी आणि हिजाबचे नियमही तेव्हाच विचारून घ्या. घराजवळच्या जाणत्या आलिमांशी बोला. रोज्यात मीठ चाखण्यापासून जुम्याच्या ड्युटीपर्यंत सगळे प्रश्न त्यांच्यापुढे मोकळेपणाने मांडा.

नोकरी निवडतानाही वाटा आहेत. भारतीय आणि तंदूर विभाग, हॉस्पिटल आणि कंपन्यांची कॅन्टीन, मद्य न विकणारी रेस्टॉरंट, बेकरी. बेकरीतही जिलेटिन कशाचे आहे आणि केकमध्ये मद्य पडते का, हे पाहावेच लागते. आखात म्हटले की सगळे हलाल, असेही धरून चालू नका. दुबईच्या अनेक मोठ्या हॉटेलांत मद्य असते. तिकडे जायचे असेल, तर परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या एजंटामार्फतच जा आणि पगार, ड्युटी, राहण्याची सोय हे सगळे करारात लेखी असल्याशिवाय पासपोर्ट पुढे करू नका.

मुलींसाठीही

हे फक्त मुलांचे क्षेत्र नाही. घराघरांत स्वयंपाक बायका करतात, आणि पैसे मिळायची वेळ आली की पुढे पुरुष असतो, हे उलटेच आहे. कोकणातले सांदण, तांदळाच्या भाकऱ्या, मोहरमचा खिचडा, ईदचा शीरखुर्मा हे सगळे ज्यांच्या हातात आहे, त्या मुलींनी शिक्षण घेऊन घरूनही व्यवसाय उभा करावा. मात्र घरून डबे किंवा केक विकायचे, तरी अन्न सुरक्षा विभागाकडे नोंदणी लागते. ती ऑनलाइन करता येते. पहिल्या दिवसापासून जमाखर्चाची वही ठेवावी आणि उधारीला नम्रपणे नाही म्हणायला शिकावे.

पालकांना एकच विनंती. मुलगा किंवा मुलगी असे काही म्हणाली, तर लगेच नकार देऊ नका आणि टीव्हीवरच्या स्पर्धा पाहून लगेच होकारही देऊ नका. सुट्टीत दोन महिने ओळखीच्या एखाद्या हॉटेलच्या किचनमध्ये किंवा मोहल्ल्यातल्या बावर्चीकडे कामाला पाठवा. पायांना सूज, हाताला चटका आणि उस्तादांची बोलणी खाऊनही ते मूल दुसऱ्या दिवशी पहाटे आनंदाने निघाले, तर समजा, आवड खरी आहे. मग बिस्मिल्लाह करा.

आणि पुढच्या वलीम्याला देग उघडण्याआधी मंडपामागे एक चक्कर मारा. धग सोसणाऱ्या त्या माणसाला आपल्या शेजारी बसवून जेवू घाला. आपली मुले ते पाहत असतील.